पनाह आणि कायदा

‘पनाह देणे’ हे आपल्या घराघरांत सवाबचे काम मानले जाते. दारात आलेल्याला आधी पाणी द्यावे, नाव-गाव मागाहून विचारावे, ही थोरल्यांची शिकवण. पण दारात उभा असलेला अठरा वर्षांच्या आतला असेल आणि घरातून पळून आला असेल, तर कायदा दार उघडणाऱ्यालाच आधी जाब विचारतो. या जाबाचा इतिहास पाहू गेल्यास एक धागा थेट जुन्या मुंबईत जाऊन पोहोचतो.

१८३९ साली धनजीभाई नौरोजी हा सोळा-सतरा वर्षांचा पारशी तरुण घर सोडून मिशनरी जॉन विल्सन यांच्याकडे गेला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात खळबळ उडाली. नातेवाइकांनी मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलाला कोर्टासमोर हजर करा, विल्सन यांनी त्याला डांबून ठेवले आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने तरुणाला हवे तिथे जाण्याची मोकळीक दिली आणि तो विल्सन यांच्याकडेच परतला.

चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, तसाच प्रसंग पुन्हा उभा राहिला. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या आसऱ्याला होता. श्रीपतचे वय बाराच्या आसपास. वडिलांनी दावा केला. या वेळी कोर्टाने मुलाच्या इच्छेवर निकाल सोपवला नाही. त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे असा पक्ष घेतला, सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली आणि मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात हे प्रकरण ‘शुद्धी’चे म्हणून सांगितले जाते. माझ्या मते ते त्याआधी एका मुलाचे प्रकरण आहे. एवढ्या वादात मोठमोठी माणसे बोलली. श्रीपतला काय हवे होते, हे मात्र कुणाच्या लेखी महत्त्वाचे नव्हते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत हीच दृष्टी कलम ३६१ म्हणून लिहिली गेली. चौदा वर्षांखालील मुलाला किंवा सोळा वर्षांखालील मुलीला कायदेशीर पालकाच्या संमतीवाचून त्याच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावणे म्हणजे अपहरण. शिक्षा सात वर्षांपर्यंत. संमती पालकाची; मुलाच्या संमतीला किंमत नाही. १९४९ साली हीच वये सोळा आणि अठरा झाली. शिवाय कलम ३६८ होते : अपहृत आहे हे ठाऊक असून जो लपवून ठेवील, त्याला अपहरण करणाऱ्याइतकीच शिक्षा. पनाह देणाऱ्याच्या मानेवर टांगलेली तलवार ती हीच.

पण मूल आपल्या पायांनी चालत आले असेल तर? त्याला ‘नेले’ असे म्हणायचे का? या प्रश्नाला ठाम उत्तर मिळाले ते ९ सप्टेंबर १९६४ रोजी. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य. मद्रासमधली कॉलेजात शिकणारी, अठराला काही महिनेच कमी असलेली एक मुलगी. शेजारच्या तरुणाशी प्रेम जमले म्हणून घरच्यांनी तिला नातेवाइकाकडे नेऊन ठेवले. तिथून तिने स्वतःच त्या तरुणाला फोन करून बोलावले, दोघे रजिस्ट्रारच्या कचेरीत गेले, मग गावोगाव फिरले. खालच्या कोर्टात आणि उच्च न्यायालयात तरुण दोषी ठरला.

सर्वोच्च न्यायालयाच्या पीठावर सुब्बाराव, हिदायतुल्ला आणि मुधोळकर. निकाल लिहिला जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी. हिदायतुल्ला आणि मुधोळकर हे दोघेही पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, म्हणजे हे वऱ्हाड-नागपूरचे वळण दिल्लीत पोहोचले होते. त्यांनी ‘नेणे’ आणि ‘सोबत येऊ देणे’ यांत फरक केला. आपण काय करतो आहोत हे समजण्याची कुवत असलेली मुलगी स्वखुशीने घर सोडून आली आणि आरोपीने तिला आपल्याबरोबर राहू दिले, एवढ्याने अपहरण होत नाही. तिच्या मनात घर सोडण्याचा विचार त्याने रुजवला, आमिष दाखवले, असे काही अधिक सिद्ध व्हायला हवे.

याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९७३ च्या ठाकोरलाल वडगामा प्रकरणात गुजरातेतल्या एका उद्योजकाने शाळकरी मुलीला आधी भेटवस्तू दिल्या, आसऱ्याची आशा दाखवली आणि ती आल्यावर लपवून ठेवली. कोर्टाने त्याची शिक्षा कायम ठेवली. आसरा हेच जिथे आमिष असते, तिथे ‘ती स्वतः आली’ हा बचाव चालत नाही. योग्यच झाले.

दंडविधानाच्या बाजूने दुसरा एक प्रवाहही वाहत आला. १९२४ च्या मुंबई बाल कायद्यापासून पळालेल्या मुलाकडे संरक्षणाची गरज असलेला जीव म्हणून पाहणे सुरू झाले. १९९६ मध्ये मुंबईतच १०९८ ही चाइल्डलाइन सुरू झाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने पळून आलेले मूल स्पष्टपणे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरवले. त्याच कायद्याने निराधार किंवा हरवलेले वाटणारे मूल सापडल्यास चोवीस तासांत पोलीस, चाइल्डलाइन किंवा बालकल्याण समितीला कळवणे बंधनकारक केले. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जेवू घाला, निजायला जागा द्या, पण गुपचूप ठेवू नका. मारहाणीला भिऊन आलेल्या मुलाला हे विश्वासघातासारखे वाटू शकते, हे खरे; पण वडगामासारख्यांना ओळखण्याचा दुसरा मार्ग कायद्याला सापडलेला नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मुलगा-मुलगी हा वयाचा भेद काढून दोघांनाही अठराची रेषा घातली. आपल्याकडे मात्र तिढा उरतोच. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात बुलूगत, म्हणजे साधारण पंधरावे वर्ष, निकाहाला पुरेसे मानले जाते. २०२२ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने याच आधारावर सोळा वर्षांच्या एका मुलीचा निकाह ग्राह्य धरून तिला पतीकडे जाऊ दिले. तोवर तिला पंचकुल्यातल्या बालगृहात ठेवले होते. पॉक्सो कायदा मात्र २०१२ पासून अठराखालच्या संमतीला संमतीच मानत नाही. एकाच मुलीला एक कायदा बायको म्हणतो, दुसरा पीडित. समाजाच्या धुरीणांनी या प्रश्नावर ‘शरियतमध्ये हस्तक्षेप’ एवढेच म्हणून गप्प बसणे मला पटत नाही, कारण पळून गेलेल्या मुलीला दोन्हीकडची दारे आपणच दाखवायची आहेत.

२०१५ च्या कायद्याचे कलम ३७ या संदर्भात वाचण्यासारखे आहे. मूल पुरेसे समजदार असेल तर आदेश देताना समितीने त्याची इच्छा विचारात घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. श्रीपतच्या निकालानंतर एवढे शब्द कागदावर यायला १७२ वर्षे लागली.