ती वेळ आणि तो वेळ

आपल्या मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. शाळेची वेळ झाली, असे आपण म्हणतो. आणि यायला फार वेळ लागला, असेही म्हणतो. ती वेळ घड्याळात पाहायची, तो वेळ मोजायचा. दोहोंची गल्लत झाली की घोटाळा ठरलेलाच.

१ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानात प्रमाण वेळ सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे. सूर्य काही त्या दिवशी लवकर उगवला नाही. काटे तेवढे पुढे सरकले. नव्या घड्याळात सहा वाजले, तेव्हा जुन्या हिशेबाने पाच वाजून एकवीस मिनिटेच झालेली! पहाटे कामावर जाणाऱ्याची तेवढी झोप गेली. गिरणी कामगार खवळले, दगडफेक झाली. मुंबईच्या महापालिकेने तर आपली जुनी वेळ पुढेही कित्येक वर्षे धरून ठेवली. एकाच शहरात ‘कोणत्या घड्याळाने?’ असे विचारावे लागे.

पुढे युद्धाच्या धामधुमीत, १ सप्टेंबर १९४२ पासून, काटे आणखी एक तास पुढे केले गेले. १९४५ च्या ऑक्टोबरात ते परत मागे आले. आता पाहा, रोग्याला दर चार तासांनी औषध द्यायचे आहे आणि मधेच काटा तासभर सरकला. घड्याळ पाहून दिले, तर तीनच तासांत दुसरी मात्रा पोटात!

हाच पेच संगणकासमोर येतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मार्चमध्ये एका रात्री दोन वाजायच्या ऐवजी एकदम तीन वाजतात. अडीचला नेमलेले काम करायचे केव्हा? अडीच वाजलेच नाहीत! नोव्हेंबरात उलट, दीड दोनदा वाजतो. काम बेसावधपणे लिहिलेले असेल, तर तेही दोनदा होते, आणि ते पैसे वळते करण्याचे असले म्हणजे पंचाईतच.

म्हणून संगणकात दुसरी एक मोजणी ठेवतात. भिंतीवरचे काटे कुणी फिरवोत, ती पुढेच जाते. चार तासांचे अंतर तिच्यावर मोजावे. शाळेची अकराची घंटा मात्र त्या गावच्या घड्याळानेच द्यावी लागते. तिथे सेकंद मोजत बसले आणि मधे काटे हलले, तर मुले दारात उभी आणि घंटा तासभर मागे.