ब्रेस्टस्ट्रोकची किक : वेगाचे मूळ पायांत, कसोटी सरावाच्या सेटमध्ये

ग्वाल्हेरच्या थाटीपूर परिसरातील दर्पण कॉलनी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथून काही किलोमीटरांच्या अंतरात लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. १८५७ च्या उठावाच्या शताब्दीनिमित्त १७ ऑगस्ट १९५७ रोजी महाविद्यालय म्हणून ती सुरू झाली आणि ज्या शहरात झाशीच्या राणीने देह ठेवला, तेथेच तिच्या नावाने उभी राहिली. देशभरातील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या संस्थांत तिचे स्थान वरचे आहे. मात्र या शहरातील हिवाळा कडक असतो. उत्तर भारतातील उघडे तलाव थंडीत बंद राहतात आणि मुलांच्या हाती पोहण्याचे मोजकेच महिने उरतात. गोव्यातील मुलाला वर्षभर पाणी उपलब्ध असते. तेथील मुलाला प्रत्येक तास हिशेबाने वापरावा लागतो. ब्रेस्टस्ट्रोकच्या बाबतीत हा हिशेब पायांपासूनच मांडावा लागतो.

फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये पुढे नेण्याचे मुख्य काम हातांचे असते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मात्र पायांचा वाटा इतर कोणत्याही प्रकारापेक्षा मोठा असतो. गंमत अशी की, हेच पाय सर्वांत मोठा अडथळाही निर्माण करतात. टाचा वर ओढताना मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि त्या क्षणी पोहणाऱ्याचा वेग जवळजवळ शून्यावर येतो. जोरदार किक मारणारा मुलगा मागे पडतो आणि हलक्या पायांचा पुढे निघतो, हे कोडे येथेच सुटते. किती जोर लावला यापेक्षा पाय वर घेताना किती वेग गमावला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

ही जाण यायला पोहण्याच्या इतिहासात बराच काळ लागला. मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पार केली ती ब्रेस्टस्ट्रोकनेच, पावणेबावीस तास पोहून. त्या काळी पाय बेडकासारखे दोन्ही बाजूंना फाकवून मग जवळ आणत. पायांच्या मधले पाणी पाचरीसारखे दाबले गेल्यामुळे शरीर पुढे सरकते, असा समज होता. १९६० च्या सुमारास अमेरिकन प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी तो मोडीत काढला. गुडघे जवळ ठेवून नडग्या आणि पावले चाबकासारखी मागे फिरवावीत, असे त्यांनी दाखवले. त्यांचा शिष्य चेट जॅस्ट्रेम्स्की याने १९६१ मध्ये याच पद्धतीने जागतिक विक्रम मोडले. आज जगभर हीच किक शिकवली जाते. ब्रिटनच्या ॲडम पीटीने २०१९ मध्ये ग्वांगजू येथे १०० मीटर अंतर ५६.८८ सेकंदांत पार केले. भारताच्या संदीप सेजवालने २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे कांस्यपदक मिळवले.

योग्य किकचे वर्णन सोपे आहे, ती अंगी बाणवणे अवघड. टाचा नितंबांकडे याव्यात, पण गुडघे पोटाखाली ओढले जाऊ नयेत. गुडघ्यांतील अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा जास्त नसावे. टाचा वर आल्यावर पावले बाहेर वळवून बोटे नडगीकडे ओढावीत. पाणी ढकलायचे ते तळपायाच्या आणि नडगीच्या आतल्या बाजूने. मग पाय बाहेर, मागे आणि आत असे वळण घेत एकमेकांना भिडतात, बोटे ताणली जातात आणि शरीर बाणासारखे सरळ होऊन घसरत जाते. ही अखेरची घसरण, म्हणजे ग्लाईड, बहुतेक मुले गिळून टाकतात. कमावलेला वेग वापरण्याआधीच पुढच्या किकची घाई सुरू होते.

दुसरी चूक नियमाशी संबंधित आहे आणि ती अधिक महाग पडते. पाण्याला रेटा देताना दोन्ही पावले बाहेर वळलेली असलीच पाहिजेत. पायांची हालचाल एकाच वेळी आणि एकाच पातळीत व्हावी लागते. एक पाऊल वळले आणि दुसरे सरळ राहिले, तर ती कात्रीसारखी किक ठरते आणि पोहणारा बाद होतो. शालेय स्पर्धांत ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीनंतर रडणारी मुले बहुधा याच कारणाने रडत असतात. वर्षभराची मेहनत पंचाच्या एका उंचावलेल्या हाताने संपते. याचे मूळ बहुतेक वेळा एका बाजूच्या घोट्याच्या किंवा जांघेच्या सांध्याच्या ताठरपणात असते. त्या मुलाला नुसते ओरडून उपयोग नसतो. प्रारंभानंतर आणि प्रत्येक वळणानंतर एक बटरफ्लाय किक मारण्याची मुभा मात्र आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाच्या किकवरून वाद झाला आणि पुढच्याच वर्षी नियमात ही सवलत आली.

सरावाची सुरुवात हळू आणि मोजून करावी. हात पुढे ताणून, किकबोर्ड न घेता २५ मीटरचे ८ तुकडे केवळ किकने पार करावेत आणि प्रत्येक वेळी किकची संख्या मोजावी. मधली विश्रांती १५ ते २० सेकंद. पहिल्या तुकड्यात १६ किक लागल्या असतील, तर शेवटच्यात १४ लागाव्यात, एवढेच ध्येय. हा सेट कंटाळवाणा दिसतो, पण ग्लाईडची सवय याच्याइतकी दुसऱ्या कशाने लागत नाही. पाठोपाठ हात कंबरेशी मागे ठेवून २५ मीटरचे ६ तुकडे करावेत. प्रत्येक किकला टाचांनी बोटांना स्पर्श करायचा. टाचा पुरेशा वर येतात की नाही, हे प्रशिक्षकाने न सांगताही कळते. पाठीवर पोहत केलेली ब्रेस्टस्ट्रोक किकही तितकीच बोलकी असते. गुडघे पाण्याबाहेर डोकावले, तर मांड्या ओढल्या जात आहेत हे नक्की.

यानंतर खरी परीक्षा. खोल पाण्यात उभे राहून, हात छातीवर बांधून, केवळ किकच्या बळावर डोके पाण्यावर ठेवायचे. २० सेकंद किक, ४० सेकंद विश्रांती, असे ८ वेळा. येथे पुढे सरकायचे नसल्याने लबाडीला वाव उरत नाही. पाऊल वळले नाही, तर नाकात पाणी जाते. हा सेट पोहता येणाऱ्यांनीच आणि काठावर प्रशिक्षक उभा असतानाच करावा.

मुलांना सर्वाधिक आवडतो तो गुणांचा सेट. ५० मीटर किकने पार करायचे आणि लागलेले सेकंद व किकची संख्या यांची बेरीज करायची. ६५ सेकंद आणि ३० किक म्हणजे ९५ गुण. पुढच्या फेरीत ९४, त्यानंतर ९३. नुसती घाई केली तर किक वाढतात, नुसते घसरत राहिले तर सेकंद वाढतात. बेरीज दोन्हीकडून पकडते. असे ५० मीटरचे ४ तुकडे, पुरेशी विश्रांती घेऊन तीनदा केले, तर सरावलेला जलतरणपटूही घामाघूम होतो, पाण्यात असूनसुद्धा. अनुभवी मुलांसाठी यातली विश्रांती दर आठवड्याला ५ सेकंदांनी कमी करता येते.

मात्र पायांची ही कमाई पूर्ण स्ट्रोकमध्ये उतरली पाहिजे. त्यासाठी दोन किक आणि हाताचा एक ओढा, असा ५० मीटरचा सेट ८ वेळा करावा. दुसऱ्या किकला हात पुढे ताणलेलेच राहतात आणि शरीराला सरळ राहण्याची शिस्त लागते. मग १०० मीटर किक व लगेच ५० मीटर पूर्ण स्ट्रोक, असा जोड तीनदा. थकलेल्या पायांनी पोहतानाही किकचा आकार टिकला, तरच शर्यतीच्या शेवटच्या १५ मीटरमध्ये तो टिकेल.

आता गुडघ्यांविषयी, कारण पालकांनी वाचायचे ते हेच. या किकमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर वळणारा ताण येतो. वैद्यकीय लेखनात १९७० च्या दशकापासून ‘ब्रेस्टस्ट्रोकरचा गुडघा’ असा शब्दप्रयोगच रूढ आहे. पाऊल वळवण्याची हालचाल जांघेच्या सांध्यातूनही व्हायला हवी. ती तेथून झाली नाही की सगळा भार गुडघ्यावर पडतो. म्हणून अंग गरम न करता किकचे सेट सुरू करू नयेत आणि किकचे अंतर एकाच आठवड्यात दुप्पट करू नये. सेट लागोपाठच्या दिवशी न ठेवता मध्ये फ्रीस्टाईलचा दिवस घ्यावा. गुडघ्याच्या आतल्या बाजूस दुखू लागले, तर त्या दिवशीची ब्रेस्टस्ट्रोक किक तेथेच थांबवावी. दुखणे काही दिवस टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘थोडे सहन कर, अंगवळणी पडेल’ हा सल्ला दहा-बारा वर्षांच्या मुलाला देणे धोक्याचे आहे.

पाणी नसलेल्या महिन्यांचाही उपयोग असतो. ग्वाल्हेरच्या थंडीत किंवा गोव्यात पावसाळी सुट्टीमुळे तलाव बंद असताना घोटे आणि जांघेचे सांधे मोकळे ठेवण्याचे व्यायाम घरच्या सतरंजीवर होतात. टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसण्याची जुनी सवय येथे उपयोगी पडते. खुर्ची-टेबलावर वाढलेल्या मुलांना तसे बसताना टाचा उचलाव्या लागतात, आणि पाण्यात त्यांचीच बोटे नडगीकडे वळत नाहीत. भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून अर्धवट बैठकीत ३० सेकंद थांबणे, असे ४ ते ५ वेळा केले तरी मांड्यांना बळ येते. तलाव पुन्हा उघडला की पहिल्या दिवशी २५ मीटरच्या किक मोजाव्यात आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा.