बालवाडीतल्या खड्याचा मागोवा

चांगल्या अंगणवाडीत खडे असतात. मुलं ते लहानमोठे लावतात, काळे एकीकडे नि तांबूस दुसरीकडे करतात, पाच-पाचाचे ढीग घालतात, रांगोळीसारखे मांडून त्यांचा मोर करतात. हे इतकं साधं दिसतं, की त्यामागे काही विचार असेल असं वाटत नाही. पण हा खडा बालशिक्षणात आला तो फार लांबचा प्रवास करून.

त्याचं एक मूळ बर्लिनमध्ये सापडतं. १८१४ ते १८१६ या काळात फ्रीड्रिश फ्रोबेल तिथल्या खनिजसंग्रहालयात वाइस या खनिजशास्त्रज्ञाचा मदतनीस होता. स्फटिक हाताळणं, त्यांची वर्गवारी करणं हे त्याचं काम. निर्जीव वाटणाऱ्या दगडालाही आतून घडण असते आणि ती ठरावीक नियमाने वाढते, ही गोष्ट त्याच्या मनात खोल रुजली. माणसाचं मूलही असंच आतल्या नियमाने उमलतं, अशी त्याची पुढे धारणा झाली. १८३७ साली ब्लांकेनबुर्गला त्याने लहान मुलांसाठी खेळसाधनं करायला घेतली आणि १८४० मध्ये आपल्या शाळेला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्याच्या साधनांत लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल होता. आठ छोट्या घनांत सुटणारा मोठा घन होता. स्फटिकाची भूमिती अशी लाकडातून मुलांच्या हाती आली.

१९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांत नेमकेपणा आणखी वाढला. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. रंग सगळ्यांचा एकच, घडणही एकच; बदलतो तो केवळ आकार, म्हणून मुलाचं सारं लक्ष आकारावर एकवटतं. ही युक्ती विलक्षण आहे. मात्र इतकी काटेकोर साधनं घडवायला कसबी सुतार लागतो आणि पैसाही लागतो.

भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे रुजू झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शहरांत काम वाढत होतं, पण ताराबाईंना खेड्याची ओढ होती. १९४५ मध्ये डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत पोचत नाहीत, हे दिसल्यावर या बायकांनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये आलं. तिथली थोडी मोठी मुलं गुरांमागे जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली.

अंगणात आणि कुरणात लाकडी मनोरे कुठून आणायचे? ताराबाई-अनुताईंनी आजूबाजूला पाहिलं. किनाऱ्यावर शिंपले होते. रानात बिया, पानं, काड्या होत्या आणि खडे तर पायाखालीच होते. मोजायला, लावायला, जोडीला जोड शोधायला आणि नक्षी मांडायला हे सगळं साहित्य झालं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा आहे. साधन फुकट मिळू लागलं, तेव्हाच शिक्षण कुठल्याही पाड्यावर पोचू शकलं.

शिवाय खड्याला स्वतःची अशी ताकद आहे. मनोऱ्यातल्या घनात एकच फरक असतो. खड्यात आकार, वजन, रंग, स्पर्श सगळंच एकदम बदलतं. त्यामुळे कशावरून वेगळे करायचे हे मुलाला आधी ठरवावं लागतं. जांभ्याचा सच्छिद्र तुकडा हातात मोठा वाटतो, तर त्याहून लहान काळा पाषाण जास्त भरतो. मोठं ते जड असतंच असं नाही, हे मूल न शिकवता शिकतं.

१९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटलं. बोर्डी-कोसबाडच्या अंगणातला प्रयोग त्याआधी कित्येक वर्षं चालू होता.

आज खेळसाधनांच्या रंगीत पेट्या गावोगाव पोचत आहेत. त्यांचं स्वागतच आहे. पण पेटी कुलपात राहते, तुटते, कमी पडते. तेव्हा मुलांना बाहेर न्यावं. ओढ्याकाठी, माळावर प्रत्येकाने पाच-सात खडे वेचावेत. तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलांसमोर त्यांच्या मुठीहून मोठेच दगड ठेवावेत. पडलेला धोंडा आधी मोठ्या माणसाने काठीने उलटावा, खाली विंचू असू शकतो. मग खडे धुवावेत, ओले नि कोरडे रंग ताडून पाहावेत, वजनाने लावावेत, चुन्याने किंवा गेरूने त्यांवर डोळे काढावेत. यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. लागतो तो मुलांबरोबर उन्हात उतरणारा माणूस, आणि कोसबाडने दाखवून दिलं आहे की असा माणूस असला तर एवढ्यावर बालवाडी उभी राहते.