शरपंजर आणि जागल्या



जुन्या रेडिओची पाठ उघडली की आत तारांचे जंजाळ दिसे. त्यातला प्रत्येक सांधा कोणी तरी हाताने जोडलेला, आणि म्हणूनच डोळ्यांखालून गेलेला असे. १९३६ साली व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने तारांऐवजी पाटीवर तांब्याच्या रेघा उमटवण्याचा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. पुढे वितळलेल्या कथिलाच्या लाटेवरून पाटी नेली की शेकडो सांधे एकदम जुळू लागले. काम झपाट्याने होऊ लागले खरे. पण सांध्यावरची माणसाची नजर सुटली.

मग दोष शोधायचे कसे? एखादा डाख लागलेलाच नसतो, एखादा ओघळून शेजाऱ्याला चिकटतो, एखादा भाग उलटा बसतो. पाटी चालत नाही हे चटकन कळते. का चालत नाही, हे कळणेच कठीण.

१९७०च्या दशकात यावर एक उपाय रुळला. इंग्रज त्याला खिळ्यांची शय्या म्हणतात. आपल्याला भीष्माचार्यांचा शरपंजर आठवेल. स्प्रिंगवर बसवलेल्या शेकडो टाचण्यांवर पाटी दाबून धरायची, म्हणजे एकेक टाचणी एकेका सांध्याला भिडते आणि यंत्र प्रत्येक भाग निराळा मोजते. हे साधे, कारण त्या काळी चिपचे पाय पाटीतून आरपार जात आणि दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असे.

१९८०च्या दशकात हा आधार गेला. चिप पाटीच्या पृष्ठभागावरच बसू लागल्या, पायांतले अंतर निम्म्यावर आणि पुढे त्याहून खाली आले, पाट्या दोन्ही अंगांनी भरल्या. टाचणी टेकवायला जागा उरेना.

तेव्हा १९८५ साली युरोपातल्या काही कंपन्या एकत्र आल्या. त्यांत फिलिप्स अग्रभागी होती. त्यांचा विचार असा, की बाहेरून टोचण्यापेक्षा प्रत्येक पायाशी, चिपच्या आतच, एक चौकी बसवावी. गावाच्या वेशीवर जागल्या असतो, तशी. या साऱ्या चौक्या एका माळेत ओवलेल्या. चार तारांनी निरोप आत ढकलायचा. एका चिपच्या चौकीने आपल्या पायावर १ ठेवायचा, समोरच्या चिपच्या चौकीने काय पोचले ते टिपायचे, आणि उत्तर त्याच माळेतून बाहेर यायचे. १ पाठवून ० मिळाला, तर दोष त्या दोघांमधल्या वाटेवर आहे.

परंतु एका पाटीवर अनेक कारखान्यांच्या चिप नांदतात, आणि हे कारखाने बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. एकाचा जागल्या बोलला आणि दुसऱ्याचा मुका राहिला, तर उपयोग काय? शिवाय चिपमधली जागा आणि चार पाय खर्ची घालायचे चिप करणाऱ्याने, आणि फायदा मुख्यतः पाटी जुळवणाऱ्याचा! तरीही १९८६ साली अमेरिकन कंपन्या सामील झाल्या, आणि १९९० साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ११४९.१ या क्रमांकाचे मानक मंजूर केले. माझ्या मते या इतिहासातला खरा पराक्रम हा आहे. मंडल रचणे बुद्धीचे काम होते. पण सर्वांच्या सोयीसाठी आपल्या मालात थोडी जागा सोडणे, हे काम समंजसपणाचे होते.

या जागल्याला सारेच दिसते असे नाही. साध्या रोधकाचे माप त्याला सहसा कळत नाही. म्हणून टाचण्या, कॅमेरे आणि क्ष-किरण अजून कामावर आहेत. शिवाय उघडी राहिलेली वेस चोरालाही सापडते, म्हणून तपासणी आटोपल्यावर ती पुष्कळदा बंद करतात. तरी एक धडा कायम राहिला: दोष शोधण्याची सोय वस्तू घडवतानाच करावी लागते, वस्तू तयार झाल्यावर ती करू म्हटले, तर फार उशीर झालेला असतो.