सया पूजॉ प्वे : परदेशातील ब्रह्मी अभियंत्यांची शिक्षकवंदना

रंगूनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले ब्रह्मी अभियंते आज सिंगापूर, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, थायलंड, ब्रिटन अशा अनेक देशांत विखुरलेले आहेत. काही वर्षांच्या अंतराने ते एकत्र येतात. जुने मित्र भेटतात, जेवण होते, गाणी होतात, पण मेळाव्याचा मुख्य कार्यक्रम वेगळाच असतो. ज्यांनी आपल्याला शिकवले त्या शिक्षकांना समोर बसवून त्यांना वंदन करायचे आणि त्यांच्या म्हातारपणाची काळजी घ्यायची, यासाठी हा मेळावा भरतो. त्याला 'सया पूजॉ प्वे' म्हणतात. ही प्रथा काय आहे, ती कोणत्या परिस्थितीत उभी राहिली आणि तिच्याकडून आपण काय घेण्यासारखे आहे, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

शब्दाचा अर्थ

'सया' म्हणजे शिक्षक. शिक्षिकेला 'सयामा' म्हणतात. पाली 'आचरिय' या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. विपश्यनेच्या शिबिरांना गेलेल्यांनी 'सयाजी ऊ बा खिन' हे नाव ऐकलेलेच आहे. त्यातील 'सयाजी' म्हणजे थोर शिक्षक. बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाशी त्याचा संबंध नाही. 'पूजॉ' हा शब्द पाली 'पूजा'वरून आला आणि 'प्वे' म्हणजे समारंभ किंवा उत्सव. थोडक्यात, शिक्षकांच्या पूजेचा समारंभ. ब्रह्मदेशात डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांनाही आदराने 'सया' म्हणण्याची पद्धत आहे, इतका हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे.

पाच अनंत उपकारक

ब्रह्मी बौद्ध घरात मूल बोलू लागले की त्याला पाच वंदनीयांची नावे शिकवतात : बुद्ध, धम्म, संघ, आईवडील आणि शिक्षक. यांचे उपकार मोजता येत नाहीत, म्हणून त्यांना 'अनंत' म्हटले जाते. आपण त्रिशरण म्हणतो तेथे तीन रत्ने आहेत. ब्रह्मी परंपरेने त्यांच्याच रांगेत आईवडिलांना आणि शिक्षकाला बसवले.

वंदनाच्या कृतीला 'गडॉ' म्हणतात. गुडघे टेकून, हात जोडून, कपाळ जमिनीला लावून तीनदा नमन करायचे. वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला तेथे 'तदिंजुट' हा दीपोत्सव असतो. त्या दिवसांत लोक घरातील वडीलधाऱ्यांना आणि आपल्या शिक्षकांना भेटून गडॉ करतात. याच दिवशी भिक्खू संघात पवारणा होते, म्हणजे भिक्खू एकमेकांकडे आपल्या चुका दाखवून देण्याची विनंती करतात. त्यामुळे गडॉमध्येही क्षमायाचना असते : कायेने, वाचेने, मनाने काही अपराध झाला असेल तर क्षमा करावी. आपल्या विहारांतही वंदनेच्या वेळी 'ओकास' म्हणून तीन द्वारांनी झालेल्या अपराधांची क्षमा मागितली जाते. ब्रह्मी लोकही 'ओकास' याच शब्दाने सुरुवात करतात.

सिगालोवाद सुत्तातील दोन बाजू

या प्रथेच्या मुळाशी दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आहे. सिगाल हा तरुण रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करत असे. तथागतांनी त्याला सांगितले की खऱ्या दिशा म्हणजे माणसामाणसांतील नाती आहेत. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक-कामगार आणि वरची म्हणजे श्रमण.

आचार्यांबाबत शिष्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : उठून आदर करणे, जवळ राहून त्यांच्याकडे लक्ष देणे, शिकण्याची इच्छा ठेवणे, सेवा करणे आणि विद्या नीट ग्रहण करणे. पण सुत्त येथे थांबत नाही. आचार्यांचीही पाच कर्तव्ये आहेत : चांगले वळण लावणे, समजेल असे शिकवणे, आपल्याजवळची सगळी विद्या काहीही मागे न ठेवता देणे, शिष्याची चार लोकांत ओळख करून देणे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करणे.

तरुण मित्रांनी ही दुसरी यादी नीट पाहावी. विद्या मागे न ठेवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. जेथे शिष्याची जात बघून विद्या नाकारली आणि वर अंगठा मागितला, त्या गोष्टीतला गुरू या यादीत बसत नाही. शिक्षकवंदना म्हटली की आपल्या चळवळीतील अनेकांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडण्यामागे इतिहास आहे. मात्र सुत्तातील नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

आरआयटीची वाटचाल

रंगून विद्यापीठ १९२० साली स्थापन झाले आणि १९२४ मध्ये तेथे अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून रंगूनला इन्या लेक हॉटेल, तौंज्जी येथे रुग्णालय आणि रंगूनच्या उत्तरेला ज्योगोन भागात तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. १९६१ पासून अभियांत्रिकीचे वर्ग या नव्या परिसरात भरू लागले. १९६४ मध्ये विद्यापीठाची फेररचना झाली आणि संस्थेला 'रंगून इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी', म्हणजे आरआयटी, हे नाव मिळाले. स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन, वस्त्रोद्योग, खाणकाम, धातुशास्त्र, पेट्रोलियम, वास्तुरचना अशा शाखा तेथे होत्या. पुढे नाव दोनदा बदलले; आज ते यांगून तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. जुने विद्यार्थी मात्र स्वतःला आरआयटीचेच म्हणवतात.

तेथील अनेक शिक्षक परदेशात शिकून मायदेशी परतले होते. बाहेर राहिले असते तर चांगल्या पगाराच्या जागा होत्या. शिक्षकांत बौद्ध होते, ख्रिस्ती होते, मुस्लिम होते, चिनी आणि भारतीय वंशाचेही होते.

विद्यार्थी बाहेर गेले, शिक्षक मागे राहिले

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. उद्योग-व्यापाराचे राष्ट्रीयीकरण झाले, भारतीय आणि चिनी वंशाच्या लाखो लोकांना देश सोडावा लागला, शिकलेल्या तरुणाला काम उरले नाही. ५ सप्टेंबर १९८७ रोजी सरकारने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका घोषणेने रद्द केल्या आणि बदल्यात काहीच दिले नाही. लोकांची बचत एका दिवसात कागद झाली. आरआयटीचे विद्यार्थी त्याच वेळी रस्त्यावर उतरले.

१२ मार्च १९८८ रोजी आरआयटीजवळच्या चहाच्या दुकानात भांडण झाले. त्यातून पेटलेल्या निदर्शनांवर दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला आणि फोन मॉ हा विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारातच मारला गेला. त्या वर्षीच्या ८ ऑगस्टच्या देशव्यापी उठावाची ठिणगी येथे पडली होती. लोकशाहीवादी ब्रह्मी लोक १३ मार्च हा मानवी हक्क दिन म्हणून पाळतात. पुढे विद्यापीठे वर्षानुवर्षे बंद राहिली. १९९६ मध्ये याच संस्थेतून पुन्हा आंदोलन उठले आणि पुन्हा कुलपे लागली.

या सगळ्यात एकामागून एक तुकड्या देशाबाहेर गेल्या. शिक्षक मात्र मागे राहिले. त्यांचे निवृत्तिवेतन क्याटमध्ये होते. सरकारी दराने एक डॉलर म्हणजे सुमारे ६ क्याट. बाजारात २००० नंतरच्या दशकात तोच डॉलर हजार क्याटच्या आसपास गेला. सरकारी दराचे हे सोंग २०१२ पर्यंत चालले. आयुष्यभर शिकवलेल्या प्राध्यापकाला महिन्याच्या निवृत्तिवेतनात औषधेही परवडेनात. परदेशातील विद्यार्थ्याची मात्र एका दिवसाची कमाई त्याहून जास्त होती. सया पूजॉ प्वे समजून घ्यायचा असेल तर ही दरी समजून घ्यावी लागते.

समारंभ कसा होतो

परदेशातील माजी विद्यार्थ्यांचा पहिला मोठा मेळावा २००० साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात झाला. त्यानंतर सिंगापूर आणि यांगून येथेही असे मेळावे भरले.

समारंभाची पद्धत साधी असते. शिक्षकांना व्यासपीठावर किंवा पुढच्या रांगेत बसवतात. माजी विद्यार्थी त्यांच्यासमोर खाली बसतात. त्यांतील बरेच जण स्वतः साठी ओलांडलेले असतात. ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत ते खुर्चीत बसून हात जोडतात. एक जण सर्वांच्या वतीने वंदनेचे शब्द म्हणतो, क्षमा मागतो आणि सगळे मिळून गडॉ करतात. मग शिक्षक आशीर्वाद देतात आणि त्यांच्यातील एखादे ज्येष्ठ 'ओवाद' देतात, म्हणजे चार उपदेशाच्या गोष्टी सांगतात. दिवंगत शिक्षकांचे स्मरण होते. शिक्षकांना भेटवस्तू आणि रोख रकमेचे पाकीट दिले जाते. वर्गणीतून जमलेल्या निधीतून वृद्ध आणि आजारी शिक्षकांच्या उपचारांना मदत होते.

वंदन सर्व शिक्षकांना असते. समोर बसलेले सया ख्रिस्ती आहेत की मुस्लिम, हे पाहिले जात नाही. ज्या देशात धर्म आणि वंशाच्या नावाने इतके रक्त सांडले, त्या देशातील लोकांची ही बाजूही नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

वंदन आणि प्रश्न

या प्रथेवर ब्रह्मी समाजातूनच टीकाही होते. शिक्षकाला बुद्धाच्या रांगेत बसवले की विद्यार्थी प्रश्न विचारायला कचरतो, वर्गात घोकंपट्टी वाढते, वरिष्ठांपुढे मान खाली घालण्याची सवय लागते, असे शिक्षण सुधारू पाहणारे सांगतात. ही टीका गंभीर आहे. तिला उत्तर धम्मातच आहे. कालामांना उपदेश करताना तथागतांनी सांगितले की केवळ आपला गुरू सांगतो म्हणून काही मान्य करू नका. सिगालोवाद आणि कालाम सुत्त दोन्ही एकाच शास्त्याचे आहेत. आदर माणसाच्या कष्टांचा करायचा आणि त्याचे म्हणणे मात्र तपासून घ्यायचे.

बाबासाहेबांच्या जीवनात हे दोन्ही दिसते. कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्युई यांनी शिकवले, आणि ड्युई तर परंपरेला प्रश्न विचारायला शिकवणारे तत्त्वज्ञ. जून १९५२ मध्ये बाबासाहेब मानद पदवी घेण्यासाठी न्यूयॉर्कला निघाले. ड्युई यांना भेटण्याची त्यांना ओढ होती. पण ते पोहोचण्याआधीच ड्युई यांचे निधन झाले. आपले सारे बौद्धिक जीवन आपण त्यांचे ऋणी आहोत, असे त्यांनी माईसाहेबांना पत्रात कळवले. महाडला मनुस्मृती जाळणारा हा माणूस शिक्षकाचे ऋण मोकळेपणाने मान्य करतो, हे तरुणांनी लक्षात घ्यावे.

ब्रह्मदेशाशी आपले नातेही असेच ऋणाचे आहे. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली ती ब्रह्मी परंपरेतील महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये विपश्यना घेऊन भारतात आले. मुंबईत गोराई येथे २००९ मध्ये खुला झालेला पॅगोडा यांगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर आहे. ब्रह्मदेश आणि सयाजी ऊ बा खिन यांच्याबद्दलची कृतज्ञता म्हणून तो उभारला गेला.

२०२१ नंतर

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. शिक्षकांनी कामावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत विद्यापीठांतील ११,००० हून अधिक प्राध्यापक आणि कर्मचारी निलंबित झाले. पगार गेला, अनेकांना घर सोडून लपून राहावे लागले. परदेशातील ब्रह्मी समाजाने निधी जमवून अशा शिक्षकांना हातभार लावला. सुत्तात आचार्याने शिष्याचे रक्षण करावे असे म्हटले आहे. आज शिष्यांवर आचार्यांच्या रक्षणाची वेळ आली आहे.

आपल्याकडे काय करता येईल

सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांतून, वसतिगृहांतून, गावोगावच्या शाळांतून शिकून आपले हजारो तरुण इंजिनिअर, डॉक्टर, अधिकारी झाले. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता आपल्याकडेही भरतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो आणि दहा मिनिटांत सत्कार उरकतो. शिक्षक घरी कसे जातात, त्यांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन कशाने अडले आहे, तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित शाळेत आयुष्य काढलेल्या बाईंना निवृत्तीनंतर काय मिळते, हे कोणी विचारत नाही.

आम्ही सुचवतो ते एवढेच. पुढचा मेळावा ठरवताना आधी शिक्षकांची यादी करा. कोण हयात आहे, कोण आजारी आहे, कोणाला कोण नाही, हे प्रत्यक्ष भेटून पाहा. हारतुऱ्यांचा खर्च कमी करून उपचारांसाठी एक छोटा निधी उभा करा आणि त्याचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर मांडा. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जा. पाया पडावे की नुसते हात जोडावेत, हे ज्याने त्याने ठरवावे. शिक्षकाच्या औषधाची चिठ्ठी मात्र वाचून या.