पिशवी न काढता ‘अंग खाली येण्याचं’ ऑपरेशन: दुर्बिणीचं की ओपन?

एरवी मी इथे फोनच्या कॅमेऱ्यांबद्दल लिहितो. आजचा कॅमेरा पोटात जाणारा आहे. ‘अंग बाहेर येतं’ हे घरातल्या बायका हळू आवाजात सांगतात, वर्षानुवर्षं सहन करतात, आणि शेवटी रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याकडे येतो: बघ रे, काय लिहिलंय?

होतं असं की बाळंतपणं, वय, जुना खोकला, बद्धकोष्ठता, जड ओझी यांमुळे गर्भाशयाला धरणारे स्नायू आणि बंध सैल पडतात. त्रास कमी असेल तर आधी ओटीपोटाचे व्यायाम किंवा योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग. ऑपरेशन म्हटलं की ‘पिशवीच काढून टाका’ असं ऐकू येतं. पण सैल झालेत ते बंध, त्यामुळे पिशवी ठेवून ती वर बांधता येते.

यात मुंबईचं काम जुनं आहे. गोव्यात जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांची स्लिंग गर्भाशयाचं मुख पट्टीने मागच्या बाजूला, त्रिकास्थीकडे बांधते. पुरंदरे पद्धतीत ते पोटाच्या पुढच्या भिंतीला टांगतात. खोकला आला की पोटाचे स्नायू आवळतात आणि गर्भाशय आपोआप वर ओढलं जातं. भारी डोकं आहे ना? या दोन्ही पद्धती मुळात पोट उघडून करायच्या.

आता सॅक्रोहिस्टेरोपेक्सी जास्त ऐकाल. जाळीची पट्टी एका टोकाला गर्भाशयाला, दुसऱ्या टोकाला त्रिकास्थीवरच्या मजबूत बंधाला शिवतात.

मग फरक कुठे?

आत जाण्याच्या वाटेत. ओपनमध्ये ओटीपोटावर मोठा छेद. दुर्बिणीत ५ ते १२ मिलिमीटरची ३-४ भोकं, पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात आणि डॉक्टर स्क्रीनवर बघून टाके घालतात. रोबोटिक म्हणजेही हेच, हात डॉक्टरांचेच. दुर्बिणीत रक्त कमी जातं, दुखणं कमी, घरी लवकर.

पण लांब काठ्यांनी हाडाजवळ टाके घालायचे, आणि शेजारीच मोठ्या रक्तवाहिन्या! सराव लागतो. डोकं खाली ठेवून पोटात गॅस भरणं हृदय-फुप्फुसाच्या पेशंटला झेपेलच असं नाही. आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतील तर मध्येच ओपन करावं लागू शकतं. जाहिरातीत भोकं मोजतात. मी तर आधी विचारीन, कशाला बांधणार, कशाने, आणि तुम्ही हे किती वेळा केलंय?

जाळीबद्दलही विचारा. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये, अंग खाली येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. पोटातून बसवायच्या जाळीला तो आदेश लागू नव्हता, पण तीही कधीकधी आत घासून त्रास देऊ शकते.

पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल किंवा पॅप टेस्टमध्ये गडबड असेल तर पिशवी ठेवण्याचा निर्णय तपासणीआधी नको. पुढे मूल हवं असेल तर तेही आधीच सांगायचं, कारण नंतरचं बाळंतपण बहुधा सिझेरियनने करतात.

आणि भोकं छोटी असली तरी आतले टाके भरायला वेळ लागतोच. साधारण ६ आठवडे भरलेली बादली, सिलिंडर उचलणं बंद. तेवढे दिवस पाणी तुम्ही भरा.