धावण्याच्या बुटांची दूरस्थ विक्री आणि साठ्याचा प्रश्न

धावपटूंच्या बुटांचा व्यापार हा वरवर पाहता पादत्राणांच्या सामान्य व्यापाराचाच एक पोटविभाग वाटतो. तथापि त्याची अडचण निराळी आहे. एकाच नमुन्याचे, अर्ध्या अर्ध्या मापाच्या अंतराने ७ पासून १२ पर्यंत ११ आकार होतात. रुंदीचे दोन प्रकार धरले तर २२ आणि रंग दोन असल्यास ४४. गोदामात हजार जोड पडून असूनही मागणी करणाऱ्यास हवा तो एक जोड नसणे ह्या व्यापारात नित्याचे आहे. मालाची टंचाई म्हणतात ती येथे बहुधा मापाची टंचाई असते. इंटरनेटवरून खरेदी करणारा धावपटू ‘उपलब्ध’ असे वाचून पैसे भरतो आणि काही दिवसांनी माल नसल्याचे पत्र त्याच्या हाती पडते. ह्याचा दोष इंटरनेटच्या माथी मारण्याचा प्रघात आहे; परंतु अमेरिकेतील ह्या व्यापाराचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहता तो दोषारोप टिकत नाही.

जानेवारी १९६४ मध्ये ओरेगन विद्यापीठातील धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आणि त्यांचा माजी शिष्य फिल नाइट ह्यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून ‘ब्लू रिबन स्पोर्ट्स’ ही भागीदारी सुरू केली. जपानमधील ओनित्सुका कंपनीचे ‘टायगर’ बूट आणून विकणे एवढाच तिचा उद्योग. पहिली मागणी ३०० जोडांची होती. नाइट मोटारीच्या मागील कप्प्यात बूट भरून शर्यतींच्या मैदानावर नेत असत. १९६५ मध्ये जेफ जॉन्सन हे पहिले पूर्णवेळ नोकर म्हणून आले, आणि दूरस्थ ग्राहकसेवेचा ह्या धंद्यातील आरंभ वस्तुतः त्यांच्यापासून धरावयास हवा. प्रत्येक गिऱ्हाइकाचे स्वतंत्र कार्ड, त्यावर त्याचे माप, त्याची आवड; आणि टपालाने अखंड पत्रव्यवहार. गिऱ्हाईक लिहून विचारी, जॉन्सन लिहून उत्तर देत. परंतु बूटच वेळेवर येत नसत. ओनित्सुका आधी जपानमधील मागणी पुरवी आणि उरलेला माल अमेरिकेस पाठवी. तो उशिरा येई, मागितल्यापेक्षा कमी येई, कधी भलत्याच मापांचा येई. जॉन्सनचा पत्रव्यवहार हा नुसत्या सौजन्याचा भाग नव्हता. माल हाती नसताना गिऱ्हाईक टिकवून धरण्याचे तेच एक साधन होते.

पुढे ह्याच संस्थेतून निघालेल्या नायकी कंपनीने विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ह्या अडचणीवर एक व्यापारी तोडगा काढला. दुकानदारांनी सहा महिने आधी, रद्द न करता येणारी मोठी मागणी नोंदवावी. बदल्यात त्यांस माल मिळण्याची हमी आणि किमतीत काही सूट मिळावी. ह्या पद्धतीस ‘फ्यूचर्स’ असे नाव होते. तिने कंपनीची पैशाची विवंचना दूर केली, हे खरे. पण कोणते माप किती खपेल ह्या अंदाजाचा भार तिने दुकानदाराच्या खांद्यावर टाकला. दुकानदार साहजिकच मधली मापे अधिक मागवी आणि फार लहान, फार मोठी वा रुंद मापे टाळी. ज्यांचे पाय सर्वसाधारण मापात बसत नाहीत असे धावपटू टपालाकडे वळले, ह्यात नवल नाही. त्याच सुमारास कायद्यानेही ह्या प्रश्नाची दखल घेतली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७५ मध्ये केलेल्या नियमान्वये टपालाने विकणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत, मुदत सांगितली नसल्यास ३० दिवसांत, माल रवाना करण्यास सबळ आधार असल्याखेरीज मागणी स्वीकारू नये, आणि विलंब झाल्यास ग्राहकास कळवून पैसे परत घेण्याचा पर्याय द्यावा, असे ठरले. इंटरनेटच्या व्यापारास हाच नियम लागू पडला. १९९९ च्या नाताळात वेळेवर माल न पोहोचवणाऱ्या सात विक्रेत्यांनी जुलै २००० मध्ये मिळून सुमारे १५ लक्ष डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले.

त्याच १९९९ साली निक स्विनमर्न ह्यांनी पुढे ‘झॅपॉस’ म्हणून प्रसिद्ध झालेले दुकान इंटरनेटवर मांडले. मॉलमध्ये हिंडूनही हवा तो नमुना, हवा तो रंग आणि हवे ते माप एकत्र न मिळाल्यामुळे ही कल्पना त्यांस सुचली असे सांगितले जाते. प्रारंभी झॅपॉसजवळ स्वतःचा साठा जवळजवळ नव्हता. मागणी आली की ती उत्पादकाकडे पाठवावयाची आणि उत्पादकाने परस्पर ग्राहकास माल धाडावयाचा. भांडवल न गुंतवता धंदा वाढवण्याची ही रीत मोठी सोयीची. पण उत्पादकाच्या गोदामातील खरी स्थिती आणि संगणकाच्या पडद्यावर दिसणारी स्थिती ह्यांचा मेळ बसत नसे. ग्राहकास ‘आहे’ म्हणून सांगितलेला जोड प्रत्यक्षात केव्हाच विकला गेलेला असे. २००३ मध्ये टोनी शे ह्यांच्या नेतृत्वाखालील कंपनीने ही परस्पर विक्री एका फटक्यात बंद केली. तिच्यावर एकूण विक्रीचा सुमारे चौथा हिस्सा अवलंबून होता! ह्यापुढे केंटकीतील स्वतःच्या वखारीत प्रत्यक्ष असलेला मालच दाखवावयाचा, असे ठरले.

झॅपॉसची कीर्ती ३६५ दिवसांत बूट परत घेण्याबद्दल, दोन्ही बाजूंचा टपालखर्च सोसण्याबद्दल आणि तासन्तास चालणाऱ्या दूरध्वनी-संभाषणांबद्दल आहे. त्या मानाने २००३ चा निर्णय दुर्लक्षित राहिला. वास्तविक बाकीच्या सर्व सेवेचा पाया तोच होता. साठ्याची नोंदच खोटी असेल तर दूरध्वनीवरील गोड बोलणे काय कामाचे? ह्याच कंपनीतील आणखी एक प्रथा लक्षणीय आहे. मागितलेले माप नसेल तर सेवकाने किमान तीन प्रतिस्पर्धी दुकानांत शोध घ्यावा आणि तेथे ते आढळल्यास ग्राहकास तिकडे पाठवावे. जॉन्सनची कार्डे आणि ही प्रथा ह्यांत जवळचे नाते दिसते. २००९ मध्ये ॲमेझॉनने झॅपॉस विकत घेतली.

त्यानंतरच्या काळात टंचाईचे स्वरूप पालटले. ती काही अंशी हेतुपुरस्सर झाली. नायकीने २०१५ मध्ये ‘स्नीकर्स’ हे ॲप काढले. त्यावर मोजकेच जोड काढून सोडतीने विकले जाऊ लागले, आणि यांत्रिक खरेदीदार प्रोग्रॅम माणसांच्या आधी ते पटकावू लागले. हौशी संग्राहकांपुरती ही गोष्ट क्षुल्लक मानता आली असती. परंतु २०१७ मध्ये विक्रीस आलेला मॅरेथॉनचा ‘व्हेपरफ्लाय ४%’ हा बूट धावण्याचा वेग वाढवतो असे दिसू लागल्यावर, बूट मिळणे न मिळणे हा शर्यतीच्या न्याय्यतेचा प्रश्न बनला. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ३१ जानेवारी २०२० रोजी नियम केला, की ३० एप्रिलपासून स्पर्धेत वापरावयाचा बूट त्याआधी चार महिने खुल्या बाजारात, दुकानात वा इंटरनेटवर, कोणाही धावपटूस विकत घेता येत असला पाहिजे. ‘उपलब्ध’ हा दुकानदारी शब्द अशा रीतीने क्रीडानियमांत शिरला. काही तासांत संपणारा माल उपलब्ध मानावा काय, ही शंका मात्र त्यातून उरलीच. त्याच वर्षी नियम सुधारून प्रायोगिक बुटांस मर्यादित मुभा देण्यात आली आणि पुरस्कर्ता नसलेल्या श्रेष्ठ धावपटूंना बूट मिळवून देण्याच्या योजनेची तरतूद झाली.

ह्याच सुमारास नायकीने झॅपॉससह अनेक विक्रेत्यांशी संबंध तोडून थेट विक्रीवर भर दिला. ॲमेझॉनला माल देणे तिने २०१९ मध्येच थांबवले होते. साठा एका हाती आल्यावर त्याची नोंद अचूक राहील, हा त्यामागील एक विचार. परंतु २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे दक्षिण व्हिएतनाममधील कारखाने बंद पडले. कंपनीचे जवळजवळ निम्मे बूट त्या देशात होत असल्याने उत्पादनाचे दहा आठवडे बुडाले. आशियातून उत्तर अमेरिकेस माल पोहोचण्याचा काळ सुमारे ४० दिवसांवरून ८० वर गेला. नोंद अचूक असूनही वखार रिकामी राहिली. वर्षभरातच उलटा प्रकार घडला. ऑगस्ट २०२२ अखेर साठा आदल्या वर्षीपेक्षा ४४ टक्क्यांनी वाढून ९७० कोटी डॉलरवर पोहोचला. उशिरा आलेला जुन्या हंगामाचा माल आणि वेळेआधी आलेला पुढच्या हंगामाचा माल एकाच वेळी वखारीत येऊन पडला होता, आणि तो सवलतीत काढावा लागला. २०२३ पासून कंपनी सोडलेल्या दुकानदारांकडे परतू लागली. २०२५ मध्ये ॲमेझॉनलाही तिने पुन्हा माल देऊ केला.